चंद्रावर उभं राहून पाहिलं तर आपली पृथ्वी कशी दिसते?

या वेळी वाचकांच्या प्रश्नांत चंद्राचेच प्रश्न इतके निघाले की बोंडअळीचे अन् सोलर पंपाचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, त्या वाचकांनी नाराज होऊ नये. आभाळाबद्दल असं मनापासून विचारणारे वाचक आपल्या भागात आहेत याचा मला लय आनंद आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा मोठं उत्तर देतो.

भाऊ, टीव्हीवर दाखवतात का चंद्राच्या मागून पृथ्वी हळूहळू वर येऊन राहिली. मंग तिथं उभ्या असलेल्या माणसाले रोज पृथ्वी उगवताना अन् बुडताना दिसत असन ना? अन् दिसते तरी केवढी?
(एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

आधी केवढी ते सांगतो, कारण ते तुम्ही आत्ता उभ्या उभ्या करून पाहू शकता. एक डोळा मिटा, हात पूर्ण लांब करा अन् अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याची जेवढी रुंदी दिसते ना, जवळपास तेवढी पृथ्वी चंद्रावरून दिसते, म्हणजे साधारण दोन अंश. आपल्याला इथून चंद्र अर्धाच अंश दिसतो, अंगठ्याच्या पावभर. पृथ्वीचा गोळा चंद्राच्या पावणेचार पट रुंद आहे म्हणून तिथून ती तेवढी मोठी दिसते, अन् आभाळातली जागा धरली तर तेरा पटीच्या वर. चंद्राभोवती फिरून आलेल्या अमेरिकेच्या अपोलो ८ यानातले अंतराळवीर जिम लोवेल हेच सांगायचे, यानाच्या खिडकीपुढं अंगठा धरला की सारी पृथ्वी त्याच्यामागं झाकून जायची.

मोठी आहे त्याहून जास्त ती उजळ आहे. चंद्र आपल्याला पांढराशुभ्र दिसतो पण त्याची माती डांबरी रस्त्यासारखी काळपट, सूर्याचा उजेड पडला तर शंभरातला बाराएक भागच परत फेकते. पृथ्वी ढगांमुळं अन् बर्फामुळं तीसएक भाग परत फेकते. मोठी पण अन् उजळ पण, म्हणून पूर्ण पृथ्वीचा उजेड चंद्रावर आपल्या पुनवेच्या चांदण्याच्या चाळीसेक पट पडतो. तिथल्या रात्री, अन् तिथली रात्र जवळपास चौदा दिवसांची असते बरं का, त्या उजेडात माणूस आरामात चालू शकेल, मोठ्या अक्षरातलं वाचूही शकेल.

आता उगवण्या-बुडण्याचं. इथं गंमत आहे, चंद्रावर एका जागी उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी उगवतच नाही अन् बुडतही नाही. सूर्य उगवतो, मावळतो, तारे सरकतात, पण पृथ्वी जिथं आहे तिथंच. कारण चंद्र आपल्याभोवती फिरताना एकच बाजू आपल्याकडं ठेवून फिरतो, मळणीच्या खळ्यात मेढीभोवती फिरणाऱ्या बैलाची आतली बाजू कशी कायम मेढीकडंच राहते तसं. त्या बैलाच्या आतल्या डोळ्याला मेढ कायम त्याच बाजूला दिसते, तसंच आहे हे. चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूच्या मधोमध उभं राहिलं तर पृथ्वी कायम डोक्यावर, कडेला उभं राहिलं तर कायम क्षितिजाजवळ, अन् पलीकडच्या बाजूला जन्मभर बसलात तरी दिसणार नाही. अगदीच हलत नाही असं नाही, चंद्र थोडा डुलतो त्यामुळं महिन्याभरात पृथ्वी काही अंश इकडं तिकडं सरकते, अन् ऐन कडेवरच्या पट्ट्यात त्या डुलण्यामुळं ती क्षितिजाच्या जराशी वर येते अन् परत खाली जाते. पण आपल्यासारखं रोज पूर्वेला वर अन् पश्चिमेला खाली, असं नाही.

मग टीव्हीवर दिसते ती उगवणारी पृथ्वी कुठली? ती खरीच आहे, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून दिसलेली. २४ डिसेंबर १९६८. अपोलो ८ मध्ये फ्रँक बोरमन, जिम लोवेल अन् बिल अँडर्स असे तिघं होते. यान चंद्राच्या मागं गेलं की पृथ्वी दिसेनाशी व्हायची, पुढं आलं की चंद्राच्या कडेवरून वर यायची, म्हणजे यान फिरत होतं, पृथ्वी नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत ती कुणाच्या नजरेत आली नाही कारण यानाचं तोंड दुसरीकडं अन् त्यांचं काम चंद्राच्या खड्ड्यांचे फोटो काढायचं. चौथ्या फेरीत यान वळलं अन् खिडकीत एकदम ती निळी-पांढरी पृथ्वी आली. अँडर्सच्या कॅमेऱ्यात तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट रोल होता, एक फोटो त्याच्यावरच काढला अन् मग कलरचा रोल द्या, लवकर द्या म्हणून घाई चालली, त्यांचं ते सगळं बोलणं रेकॉर्ड झालेलं आहे. रोल मिळाला तेव्हा निघाला तो जगप्रसिद्ध फोटो. मूळ फोटोत चंद्राची कड उभी आहे, आपण पाहतो तो आडवा करून छापलेला असतो, म्हणून उगवल्यासारखं जास्तच वाटतं.

चंद्रावर पाय ठेवलेले बारा जण, १९६९ ते १९७२ मधले, सगळे आपल्याकडच्या बाजूलाच उतरले. पृथ्वी त्यांच्या बरीच वर होती. अपोलो ११ ला तर क्षितिजापासून साठ अंशाच्या आसपास, म्हणजे पाहायचं तर मान मागं टाकावी लागणार, अन् अंगात हवा भरलेला कडक सूट, पाठीवर एवढं मोठं ओझं, हातात दर मिनिटाचं ठरलेलं काम. त्यामुळं आपल्याला वाटते तसं कुणी तिथं निवांत उभं राहून पृथ्वी पाहत बसलं नाही, लयच थोडा वेळ मिळाला त्यांना. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड यांनी वर पाहिलं अन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. टेस्ट पायलट माणूस, सहजासहजी रडणारा नाही. मला ही गोष्ट सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे जीन सर्नन यांनी एक फोटो काढला, तो कुठं सापडला तर नीट पाहा. हॅरिसन श्मिट झेंड्यापाशी उभे अन् झेंड्याच्या वर काळ्या आभाळात छोटीशी पृथ्वी. ती तिघं एका फोटोत बसवायला सर्नन यांना कॅमेरा पार खाली नेऊन वर रोखावा लागला, कारण पृथ्वी तिथंही पंचेचाळीस अंशाच्या आसपास वर होती. श्मिट यांच्या हेल्मेटच्या काचेत फोटो काढणारे सर्नन बारीकसे दिसतात.

रंग म्हणाल तर निळा अन् पांढरा. समुद्राचा निळा, ढगांचा पांढरा, अन् ढग एवढे की कधीही पाहा, पृथ्वीचा दोन तृतीयांश भाग ढगाखालीच असतो. सहारा अन् ऑस्ट्रेलियाचं वाळवंट तांबूस दिसते. हिरवा रंग मात्र आपण समजतो तेवढा दिसत नाही, जंगलं काळपट वाटतात. अन् हे सगळं सावकाश फिरत राहते, आता आफ्रिका समोर असेल तर काही तासांनी अमेरिका. चंद्रही पुढं सरकत असतो त्यामुळं तिथून पाहिलं तर पृथ्वीची एक फेरी चोवीस तास पन्नास मिनिटांची पडते, आपल्याकडं चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो तो हाच हिशोब.

सर, चंद्रावरून आमचं गाव दिसेल का? आमच्या वर्गात सगळे म्हणतात चीनची भिंत दिसते, अन् राकेश शर्मा सरांना तिथून भारत दिसला होता.
(आठवीतली विद्यार्थिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

बेटा, तीन गोष्टी एकदमच विचारल्यास. राकेश शर्मा चंद्रावर गेले नव्हते. एप्रिल १९८४ मध्ये ते सोव्हिएत संघाच्या सॅल्यूट ७ या अंतराळ स्थानकात गेले होते, ते पृथ्वीपासून फक्त काही शे किलोमीटर वर. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, ते चारशे किलोमीटरच्या आसपास. तिथून भारत खिडकीभर दिसतो, नद्या दिसतात, रात्री शहरांचे दिवे दिसतात. चंद्र आहे सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर लांब. नागपूर ते मुंबई आठेकशे किलोमीटर धर अन् भागून पाहा म्हणजे किती फरक आहे ते समजते.

एवढ्या लांबून चांगल्या डोळ्याला साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या आतलं काहीच वेगळं दिसत नाही. चीनची भिंत लांबीला हजारो किलोमीटर असली तरी रुंदीला काही मीटर, ती कशी दिसणार? हे जुन्या काळापासून चालत आलेलं खोटं आहे, पुस्तकात छापलेलं दिसलं तरी मानू नको.

भारत मात्र दिसेल, अन् इथं एक आकडा तुला आवडेल. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किलोमीटर अन् चंद्राचा व्यास ३४७४ किलोमीटर. म्हणजे आपल्या अंगणातून पुनवेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो, जवळपास तेवढाच लांब चंद्रावरून काश्मीर ते कन्याकुमारी आपला देश दिसेल. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचा आपला विदर्भ साडेचारशे-पाचशे किलोमीटर, तो चंद्राच्या रुंदीच्या सातव्या हिश्शाएवढा ठिपका. दिसेल, पण कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो हे सांगता येणार नाही. तुझं गाव, वर्धा, नागपूर, काहीच नाही. अन् पावसाळ्यात तर भारतही नाही, जून ते सप्टेंबर सगळं पांढरं, मान्सूनचे ढगच ढग. भारत पाहायला हिवाळा चांगला.

आमचं लोणार दिसते का असं मेहकरच्या एकानं विचारलं होतं, त्यांनाही इथंच सांगतो, लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, ते दिसणार नाही. पण लोणारचं अन् चंद्राचं नातं दुसरं आहे. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, आपल्या काळ्या मातीखाली जो काळा पत्थर आहे तोही बेसाल्टच, अन् बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं असं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात.

आमच्याकडं भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. दरवर्षी पाहते, कोर बारीक असते पण बाकीचा गोलही अंधुक अंधुक दिसतो. तो काय प्रकार आहे? की माझ्या डोळ्यात दोष आहे?
(एक ताई, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

ताई, डोळे एकदम चांगले आहेत तुमचे, अन् हा प्रश्न आला म्हणून मी खरंच खूश झालो. तुम्ही जे पाहता तो पृथ्वीचा उजेड आहे. आपला, आपल्या समुद्राचा अन् ढगांचा.

चंद्राच्या कला अन् तिथून दिसणाऱ्या पृथ्वीच्या कला बरोबर उलट्या असतात. आपल्याकडं अमावस्या तेव्हा चंद्रावरून पृथ्वी पूर्ण गोल, आपल्याकडं पुनव तेव्हा तिथून पृथ्वी काळी. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, चंद्राची बारीकशी कोर, म्हणजे त्याच संध्याकाळी तिथल्या आभाळात जवळपास पूर्ण पृथ्वी झगमगत असते. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, पृथ्वीवरून चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतो, अन् तिथून परत तुमच्या डोळ्यात येतो. तुम्ही आरतीचं ताट घेऊन उभ्या असता तेव्हा चंद्रावर पृथ्वीचं चांदणं पडलेलं असते अन् ते तुम्हाला इथून दिसून राहिलं. माणसाला चंद्रावर न जाता पृथ्वीचा उजेड पाहायचा हा एकच सोपा रस्ता आहे अन् त्याला पैसा लागत नाही.

हे बरोबर ओळखलं लिओनार्डो दा विंची यांनी, पाचशे वर्षांपूर्वी, त्यांच्या वहीत लिहून ठेवलेलं आहे. अन् आजही हे कामाचं आहे. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर वेधशाळेत वीसेक वर्षं हा अंधुक उजेड मोजला, कारण तो कमी-जास्त झाला तर पृथ्वी सूर्याचा उजेड किती परत पाठवते हे समजते. त्यात असं दिसलं की पृथ्वीची चमक थोडी कमी झाली आहे, म्हणजे सूर्याची उष्णता आधीपेक्षा जास्त ठेवून घेऊन राहिली.

भाऊबीजेलाच पाहावं असं काही नाही, कोणत्याही अमावस्येनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिवस बुडाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पश्चिमेला पाहा. अमावस्येच्या आधीही दिसते, पहाटे पूर्वेला. जसजशी कोर मोठी होते तसा तो अंधुक भाग दिसेनासा होतो, कोरेचा उजेड डोळ्यावर येतो अन् तिकडं पृथ्वीही कमी कमी होत जाते.

खग्रास ग्रहणात चंद्र लाल होतो, तेव्हा तिथं उभ्या माणसाला काय दिसत असेल?
(निवृत्त शिक्षक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

गुरुजी, आपल्याकडं चंद्रग्रहण म्हणजे तिथं सूर्यग्रहण. काळी पृथ्वी सरकत येऊन सूर्याला झाकते अन् ती सूर्यापेक्षा जवळपास चार पट रुंद दिसत असल्यामुळं सूर्य तासभर, कधी दीड तास गडप होतो. पण पृथ्वीच्या कडेनं एक लालभडक कडं पेटते. त्या घडीला पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवत असेल अन् जिथं जिथं मावळत असेल, तो सगळा लाल उजेड एकत्र त्या कड्यात. वातावरणातून वाकून तोच उजेड चंद्रावर पडतो म्हणून चंद्र आपल्याला तांबडा दिसतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आपल्याकडं खग्रास ग्रहण झालं, ८२ मिनिटं, त्या रात्री जो लाल चंद्र होता तो या उजेडानं लाल.

माणसानं चंद्रावर उभं राहून हे अजून पाहिलेलं नाही पण यंत्रांनी पाहिलं. एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अमेरिकेच्या सर्व्हेयर ३ या यानानं, अन् १४ मार्च २०२५ ला ब्लू घोस्ट नावाच्या यानानं. अपोलो १२ च्या तिघांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये परत येताना वाटेत पृथ्वीनं सूर्य झाकलेला पाहिला. चंद्रावरून मात्र नाही.

आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रमले पृथ्वी दिसली असन का?
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

तिथं पृथ्वी आभाळात होतीच, नाहीतर थेट संपर्कच झाला नसता. विक्रम उतरला तो चंद्राच्या दक्षिणेकडं ६९ अंशावर, त्यामुळं तिथून पृथ्वी डोक्यावर नाही, उत्तरेच्या क्षितिजापासून साधारण सतरा अंश वर. अन् एक मजा अशी की दक्षिण बाजूनं पाहिल्यामुळं ती उलटी दिसते, अंटार्क्टिका वर अन् उत्तर ध्रुव खाली, कन्याकुमारी वर अन् काश्मीर खाली.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला तेव्हा आपल्याकडं शुद्ध पक्षातली अष्टमी जवळ आली होती, चंद्र अर्धा होत आलेला, दक्षिणेकडं आभाळात होता. म्हणजे तिथूनही पृथ्वी अर्धीच दिसत होती, अन् आपला भारत ऐन उजेड-अंधाराच्या रेषेजवळ होता. गावोगावी लोक ग्रामपंचायतीत अन् पानठेल्यावर मोबाईलला चिकटून बसले होते अन् बाहेर मान वर केली असती तर चंद्र समोर होता. संपर्काला लागणारी इस्रोची ३२ मीटरची मोठी अँटेना बंगळुरूजवळ ब्यालालूला आहे, तिला चंद्र दिसतो तेव्हाच ती त्याच्याशी बोलू शकते, बाकी वेळी परदेशातल्या अँटेना मदत करतात. चीनचं चांग-ए ४ जानेवारी २०१९ मध्ये पलीकडच्या बाजूला उतरलं, तिथून पृथ्वी दिसतच नाही म्हणून निरोप पोचवायला त्यांना आधी एक वेगळा उपग्रह पाठवावा लागला.

चंद्रावर आभाळ दिवसाही काळं, मग अपोलोच्या फोटोत तारे काहून नाहीत?
(बीएस्सीचा विद्यार्थी, उमरेड)

कारण फोटो दिवसा काढलेले आहेत. अपोलोची सगळी यानं तिथल्या सकाळी उतरली. जमीन उन्हात, सूट पांढरे, कॅमेऱ्याचा शटर अगदी थोडा वेळ उघडा, तेवढ्यात ताऱ्यांचा मंद उजेड फिल्मवर उमटत नाही. लग्नाच्या मांडवात हॅलोजनखाली उभं राहून मोबाईलनं आभाळाचा फोटो काढून पाहा, तारे येतात का. अन् सकाळी उतरल्यामुळंच, त्या बारा जणांपैकी कुणाला चंद्रावर उभं राहून पूर्ण गोल पृथ्वीही दिसली नाही, कुणाला अर्धी, कुणाला अर्ध्याहून जास्त, कुणाला कोरेसारखी.

ताऱ्यांचे फोटो मात्र तिथून खरंच काढलेले आहेत. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ नं जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अतिनील किरणांचा कॅमेरा नेला होता, तो यानाच्या सावलीत ठेवला. त्यात तारे आले, अन् पृथ्वीभोवती हायड्रोजनचा जो मोठा विरळ थर आहे, जो डोळ्याला दिसतच नाही, तोही उजळलेला आला. फिल्म परत आणली अन् कॅमेरा तिथंच ठेवून आले.